गिटारच्या अँपमधील हम आणि घराचे अर्थिंग: इंदूरमधील एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण इंदूरच्या रामबाग भागातील एका जुन्या दुमजली घरातले आहे. घरातील माणसांची ओळख पटू नये म्हणून काही वैयक्तिक तपशील गाळले आहेत. तळमजल्यावर काका-काकू राहतात आणि वरच्या मजल्यावरील खोलीत त्यांचे पुतणे इलेक्ट्रिक गिटारचे वर्ग घेतात. पुढे त्यांचा उल्लेख ‘वादक’ असा केला आहे.

विद्यार्थ्यांना ते पाश्चात्त्य पद्धतीचे वादन शिकवत असले, तरी त्यांची स्वतःची साधना रागसंगीताची आहे. काचेची स्लाइड तारेवरून सरकवत ते मींड काढतात आणि छेडलेला स्वर पूर्ण विरेपर्यंत थांबतात. उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) यांच्या अतिविलंबित गायकीमुळे ज्या शहराचे नाव एका घराण्याला मिळाले, त्या शहरात वाढलेल्या कलावंताला अशा संथ आलापीची ओढ असावी हे स्वाभाविकच आहे. मोठ्या आवाजात, ड्रमच्या साथीने वाजवणाऱ्याला अँपमधला (अँप्लिफायरमधला) थोडासा हम, म्हणजे विजेमुळे येणारा सततचा घुमणारा आवाज, कदाचित जाणवतही नाही. दोन स्वरांमधल्या शांततेवर ज्याचे वादन उभे आहे, त्याला तो क्षणोक्षणी खुपतो.

त्यांची सामग्री साधी होती: तीन सिंगल-कॉइल पिकअप (तारेचे कंपन विद्युत संकेतात बदलणारे, एकाच वेटोळ्याचे भाग) असलेली गिटार, आवाजाला वेगवेगळे परिणाम देणारे तीन पेडल, १५ वॉटचा व्हॉल्व्ह कॉम्बो अँप (स्पीकर त्याच पेटीत असलेला), लॅपटॉप आणि त्याला यूएसबीने जोडलेला, ध्वनी आत-बाहेर नेणारा ऑडिओ इंटरफेस. तानपुरा लॅपटॉपवरून वाजत असे आणि तो अँपमधूनच ऐकू यावा म्हणून इंटरफेसमधून एक केबल अँपच्या मागच्या इफेक्ट-लूपच्या रिटर्न जॅकमध्ये (बाहेरचा संकेत अँपमध्ये परत घेणाऱ्या छिद्रात) लावलेली होती. ही एक केबल पुढे या प्रकरणाच्या केंद्रस्थानी आली.

उन्हाळ्यापर्यंत वर्ग तळमजल्यावरच्या खोलीत चालत आणि सर्व उपकरणे एकाच बोर्डावर लावलेली असत. विद्यार्थी वाढल्यावर वर्ग वरच्या खोलीत हलवण्यात आले. तेथे अँप खिडकीजवळच्या जुन्या बोर्डावर लागला, तर लॅपटॉप समोरच्या भिंतीवरच्या, काही वर्षांपूर्वी संगणकासाठी नव्याने बसवलेल्या बोर्डावर. वरच्या खोलीत आल्यापासून हम सुरू झाला.

अडचण

वादकांनी केलेले वर्णन इतके अचूक होते की तपासाचा अर्धा रस्ता त्यातच दडलेला होता. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. अँप सुरू केल्यावर सतत एक खालचा, घोगरा आवाज येतो आणि गिटारचा व्हॉल्यूम किंवा अँपचा गेन (गिटारचा संकेत सुरुवातीलाच वाढवणारी कळ) शून्यावर नेला तरी तो कमी होत नाही. तानपुरा लावला की षड्ज हलल्यासारखा, थरथरल्यासारखा वाटतो. काही दिवशी पहाटे हा आवाज अचानक वाढतो आणि थोड्या वेळाने आपोआप पूर्वीसारखा होतो.

ज्या दुकानात अँपची देखभाल होत असे, तेथे फोनवर विचारणा केल्यावर ‘फिल्टर कपॅसिटर गेले आहेत, बदलावे लागतील’ असे उत्तर मिळाले. अँपच्या वीजपुरवठ्यातील चढउतार सपाट करणारे हे भाग. गेन शून्यावर असतानाही हम कायम राहतो या एका लक्षणावरून काढलेले हे अनुमान निराधार नव्हते, पण ते अपुरे होते. त्याच सुमारास एका परिचित वादकाने अँपचा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या कन्व्हर्टरमधून लावून पाहण्याचा सल्ला दिला. तसे केल्यावर हम जवळजवळ नाहीसा झाला, आणि काही दिवस प्रश्न सुटल्यासारखा वाटला.

नंतर एका सायंकाळी तानपुरा फोनवर लावलेला असल्यामुळे रिटर्नची केबल काढून ठेवली होती. गिटार हातात असताना वादक मायक्रोफोनजवळ गेले आणि त्यांच्या ओठांना चरचरीत झिणझिण्या आल्या. मायक्रोफोन इंटरफेसला जोडलेला होता आणि इंटरफेस लॅपटॉपच्या चार्जरमार्गे खऱ्या अर्थिंगला. गिटारच्या तारा मात्र आता कोणत्याच अर्थिंगला जोडलेल्या नसलेल्या अँपच्या धातूच्या पेटीला जोडलेल्या होत्या. ट्रान्सफॉर्मरमधून गळणारा अत्यल्प प्रवाह ओठांवाटे जमिनीकडे वाट काढत होता. त्या दिवशी तो प्रवाह झिणझिण्यांपुरताच होता. अँपमध्ये फेजची (वीज आणणारी) तार पेटीला टेकण्यासारखा दोष असता, तर तोच मार्ग जीवघेणा ठरला असता, कारण त्या दोषाच्या वेळी फ्यूज उडवणारी पिनच कन्व्हर्टरने बाजूला काढली होती. याच टप्प्यावर मला बोलावण्यात आले.

विचारात घेतलेले पर्याय

कन्व्हर्टर तसाच ठेवणे हा पर्याय मी चर्चेत येऊ दिला नाही. तो काढून सर्व तपास पूर्ण होईपर्यंत अँप न वापरण्याची विनंती मी पहिल्याच भेटीत केली. तीन पिनांच्या प्लगची वरची जाड, लांब पिन प्लग लावताना सर्वांत आधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी अशा बेताने केलेली असते. हम घालवण्यासाठी त्या पिनेला हात लावण्याचा प्रघात वादकांमध्ये फार पसरलेला आहे, आणि तो मला मनापासून अस्वस्थ करतो, कारण तो ‘चालतो’: हम खरोखरच जातो आणि म्हणूनच सल्ला पुढे सरकत राहतो.

दुसरा पर्याय नॉइज गेटच्या पेडलचा होता. ठरावीक पातळीखालचा आवाज आला की गेट वाट बंद करते. द्रुत लयीत वाजवणाऱ्याला ते उपयोगी पडते. येथे मात्र विरत जाणाऱ्या मींडेचे शेपूटही गेटने कापले असते आणि स्वर चालू असताना खालचा हम तसाच राहिला असता. शिवाय रिटर्न जॅकमधून शिरणाऱ्या आवाजावर गिटारच्या वाटेतल्या गेटचा काहीच परिणाम झाला नसता.

तिसरा पर्याय पिकअप बदलण्याचा. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये ज्या हमबकर पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यात दोन कॉइल परस्परविरुद्ध दिशेने गुंडाळलेल्या आणि परस्परविरुद्ध चुंबकध्रुवांच्या असतात. तारेचा संकेत दोन्हींत एकमेकांना पूरक ठरतो आणि बाहेरून आलेला हम एकमेकाला छेदतो. उपाय उत्तम आहे, पण सिंगल-कॉइलचा स्वच्छ, काचेसारखा स्वर वादकांना प्रिय होता, आणि मुख्य म्हणजे हम पिकअपमधून येतो आहे हे अजून सिद्ध झालेले नव्हते.

चौथा पर्याय फिल्टर कपॅसिटर बदलण्याचा. व्हॉल्व्ह अँपमधील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वर्षानुवर्षांच्या वापराने कोरडे होतात, हे खरे आहे. तथापि अँप उघडणे हे घरी करून पाहण्याचे काम नाही. वीज बंद केल्यावरही त्या कपॅसिटरमध्ये काहीशे व्होल्टचा भार शिल्लक राहू शकतो. पुरावा नसताना त्या दिशेने जाण्याची मला घाई नव्हती.

पाचवा पर्याय घराचे वायरिंग तपासण्याचा होता आणि त्याला काकांचा प्रथम विरोध होता. ‘इतकी वर्षं झाली, घरात कुणाला साधा झटका बसलेला नाही,’ हे त्यांचे म्हणणे मी समजू शकत होतो. जुन्या घरात एक बोर्ड उघडला की काम कुठे थांबेल हे सांगता येत नाही. म्हणून आधी केवळ कानाने आणि केबली काढून-लावून जेवढे कळेल तेवढे शोधावे आणि मगच भिंतीकडे वळावे, असे ठरले. तपासाच्या काळापुरता अँप तीन पिनांनी, थोडा वेळ आणि तारांना व मायक्रोफोनला एकाच वेळी हात न लावता सुरू करण्यात आला.

कानाने केलेला तपास

भारतातील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. तिच्यामुळे होणाऱ्या हमचे दोन मुख्य प्रकार रागसंगीत ऐकणाऱ्याला स्वरावरून ओळखता येतात. अँपच्या पॉवर सप्लायमध्ये फुल-वेव्ह रेक्टिफायर (विजेच्या लाटेचे दोन्ही अर्धे भाग एकाच दिशेला वळवणारा भाग) असेल, तर फिल्टर कपॅसिटर कमकुवत झाल्यावर ऐकू येणारा हम १०० हर्ट्झचा आणि त्याच्या पटींचा असतो. चुंबकीय क्षेत्रातून किंवा दोन अर्थिंगमधल्या फरकामुळे शिरणारा हम ५० हर्ट्झचा असतो आणि त्यात १५० हर्ट्झ, म्हणजे तिसरी पट, ठळकपणे मिसळलेली असते, कारण घरातील संगणक, एलईडी दिवे आणि दूरचित्रवाणी संच विजेच्या लाटेचा आकार बिघडवतात.

वादकांचा षड्ज चौथ्या मोकळ्या तारेवर, डी या स्वरावर, म्हणजे सुमारे १४६.८ हर्ट्झवर होता. या षड्जाच्या हिशेबात मंद्र शुद्ध मध्यम सुमारे ९७.९ हर्ट्झवर येतो. म्हणजे ५० आणि १०० हर्ट्झचे दोन्ही आवाज किंचित चढ्या मध्यमाजवळ पडतात. राग भूप वाजवताना वादक सर्वाधिक त्रस्त होत, याचे कारण येथे मिळाले: भूपात मध्यम वर्ज्य आहे आणि अँप तोच स्वर अखंड धरून बसला होता. मात्र यातून हमचा उगम ठरत नाही, कारण दोन्ही प्रकारचा हम मध्यमाकडेच झुकतो.

उगम ठरवण्यास मदत झाली ती थरथरणाऱ्या षड्जाची. १५० आणि १४६.८ यांतील फरक ३.२ आहे, असे दोन स्वर एकत्र वाजले की सेकंदाला साधारण तीन लहरी ऐकू येतात. तानपुरा जुळवताना जोडीच्या तारांमध्ये जी लहर आपण कानाने शोधून नाहीशी करतो, तीच ही लहर. अँपमध्ये १०० हर्ट्झ आणि त्याच्याच पटी असत्या, तर षड्जाजवळ अशी लहर उठण्याचे कारण नव्हते. मी वादकांना तानपुरा फोनवर लावून अँपच्या नुसत्या हमबरोबर ऐकायला सांगितले. लहर तशीच होती आणि मोजली असता सेकंदाला तीनच्या आसपास होती. कपॅसिटरविषयीचे अनुमान येथे बरेच दुबळे झाले.

पुढचा तपास अँपकडून गिटारकडे, म्हणजे शेवटाकडून सुरुवातीकडे केला. अँपला लावलेल्या सगळ्या केबली काढल्यावर हम जवळजवळ थांबला आणि कान स्पीकरला लावल्यावरच ऐकू येईल असा मंद १०० हर्ट्झ उरला, जो चांगल्या स्थितीतील व्हॉल्व्ह अँपमध्येही असतो. केवळ गिटार एका केबलने थेट जोडल्यावर वेगळ्या प्रकारचा, मध्यम पातळीचा हम आला. त्याविषयी पुढे लिहितो. पेडल जोडल्यावर बारीक शिट्टीसारखा आवाज वाढला, तो तिन्ही पेडल एकाच अडॅप्टरच्या साखळीवर असल्यामुळे होता आणि त्यांतल्या डिजिटल डिले पेडलला स्वतंत्र अडॅप्टर दिल्यावर गेला. त्यानंतर रिटर्नची केबल लावताक्षणी तो मूळचा घोगरा हम पूर्ण ताकदीने परतला. लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला, की तो तत्काळ नाहीसा झाला.

गेन शून्यावर असतानाही हम का राहत होता, हेही आता स्पष्ट झाले. रिटर्न जॅक गेनच्या पुढच्या टप्प्यावर असतो. तेथून शिरलेल्या आवाजावर गेनची सत्ता नसते.

निर्णायक टप्पा: शून्य व्होल्टचे वाचन

येथपर्यंतचा निष्कर्ष सरळ होता. अँप आणि लॅपटॉप दोन वेगळ्या बोर्डांवरून अर्थ झाले होते, रिटर्नच्या केबलचे जाळीदार आवरण त्या दोन अर्थिंगना जोडत होते, आणि त्या वेटोळ्यातून वाहणारा प्रवाह संकेतात मिसळत होता. याला ग्राउंड लूप म्हणतात. नेहमीचा उपाय म्हणजे दोन्ही उपकरणे एका बोर्डावर लावणे किंवा केबलच्या वाटेत ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालणे. हे केले असते तर हम गेला असता आणि प्रकरण मिटले असे सर्वांनी मानले असते.

तेथे थांबू नये असे मला वाटले, कारण एकाच घरातील दोन निरोगी अर्थिंगमध्ये इतका मोठा फरक सहसा पडत नाही, आणि पहाटे हम का वाढतो याचा उलगडा अजून झालेला नव्हता. त्याविषयी पुन्हा विचारल्यावर काकूंनी सहज सांगितले की तो वेळ नळ येण्याचा. इंदूरला नर्मदेचे पाणी जलूदहून उपसून आणले जाते; या घरी ते एक दिवसाआड पहाटे येते आणि त्या वेळी टाकी भरण्यासाठी मोटर लावली जाते. हम मोटरबरोबर वाढत होता आणि मोटरबरोबर उतरत होता.

काकांच्या संमतीने परवानाधारक वायरमनना बोलावण्यात आले आणि मोजणी त्यांनीच केली. जुन्या बोर्डावर फेज आणि न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) यांत २३२ व्होल्ट, फेज आणि अर्थ यांतही २३२ व्होल्ट, आणि न्यूट्रल व अर्थ यांत शून्य. त्यांच्या मते हे अर्थिंग उत्तम होते, आणि केवळ हे तीन आकडे पाहिले तर कोणीही तसेच म्हणेल. नव्या बोर्डावर न्यूट्रल आणि अर्थ यांत सुमारे एक व्होल्ट आढळला, म्हणून त्यांचा संशय उलट नव्या बोर्डावर होता.

मी त्यांना मोटर सुरू करून तीच मोजणी पुन्हा करण्याची विनंती केली. न्यूट्रलच्या तारेतून भाराचा प्रवाह वाहतो, तारेला थोडा रोध असतो, आणि म्हणून भार असताना न्यूट्रल जमिनीपेक्षा थोडा वर उचलला जातो. अर्थच्या तारेतून एरवी प्रवाह वाहत नाही, त्यामुळे ती जमिनीच्या पातळीवर राहते. या दोहोंतला फरक भाराबरोबर वाढलाच पाहिजे. नव्या बोर्डावर तो तीन व्होल्टच्या वर गेला. जुन्या बोर्डावर मोटर चालू असतानाही मीटर शून्यावरून हलला नाही. त्यानंतर दोन बोर्डांच्या अर्थच्या छिद्रांमध्ये मोजणी केली: मोटर बंद असताना सुमारे एक व्होल्ट, चालू असताना तीनच्या वर.

मुख्य स्विच बंद करून जुना बोर्ड उघडला. न्यूट्रलच्या आणि अर्थच्या टर्मिनलमध्ये काळ्या वायरचा एक आखूड तुकडा जोडलेला होता, आणि अर्थची हिरवी तार तेथपर्यंत आलेलीच नव्हती. टेस्टरने किंवा मीटरने अर्थ ‘दिसावे’ एवढ्यासाठी कोणीतरी, केव्हातरी, ही सोय केली होती.

या तुकड्याने सर्व लक्षणांची संगती लागली. अँपची पेटी प्रत्यक्षात न्यूट्रलला जोडलेली होती. रिटर्न केबलचे आवरण न्यूट्रल आणि खरे अर्थिंग यांना सांधत होते, त्यामुळे घरातील भाराच्या प्रवाहाचा एक लहान वाटा त्या आवरणातून जमिनीकडे जात होता. तो काही दशांश अँपिअर असला, तरी आवरणाच्या अल्प रोधावरही त्यातून काही दशक मिलिव्होल्ट तयार होतात, आणि रिटर्न जॅकवर येणारा संकेत जेमतेम एका व्होल्टच्या आसपास असल्याने तेवढे ऐकू येण्यास पुष्कळ आहेत. दोन पिनांच्या कन्व्हर्टरने हम गेला तो हा मार्ग तुटल्यामुळे.

धोक्याची बाजू याहून गंभीर होती. वरच्या मजल्याची न्यूट्रलची तार कोठे सैल होऊन तुटली असती, तर चालू असलेल्या पंख्याच्या किंवा दिव्याच्या वाटेने फेज त्या न्यूट्रलवर, तेथून तुकड्यामार्गे अँपच्या पेटीवर आणि पेटीवरून गिटारच्या तारांवर आली असती. शिकायला येणारी मुले त्याच तारांवर बोटे ठेवत होती.

केलेली दुरुस्ती

तो तुकडा काढून मुख्य बोर्डाच्या अर्थपट्टीपासून जुन्या बोर्डापर्यंत तांब्याची स्वतंत्र हिरवी तार ओढण्यात आली. परसातील अर्थिंगच्या नळीवरचा गंजलेला क्लँप साफ करून घट्ट केला आणि वायरमननी अर्थ टेस्टरने जमिनीचा रोध मोजून घेतला. अर्थिंगविषयीचे भारतीय मानक आयएस ३०४३ आहे. काम त्यानुसार व्हावे असा आग्रह धरणे घरमालकाच्या हाती आहे.

मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवण्याचे ठरले. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांत तेवढा फरक पडला की तो वीज तोडतो. तो बसवून पुरवठा सुरू केला आणि न्हाणीघरातील गिझर लावताच तो पडला. पुन्हा चढवला, पुन्हा पडला. वायरमननी गिझरचा बोर्ड उघडला, तर तेथेही न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये तसाच तुकडा होता.

त्या सायंकाळी आणखी एक निर्णय घ्यावा लागला. रात्र झाली होती, नवी तार ओढण्याचे काम सकाळी होणार होते, आणि गरम पाणी मिळावे म्हणून आरसीसीबी एका रात्रीपुरता बाजूला ठेवावा असा विचार पुढे आला. अनेक घरांत असा एका रात्रीचा आरसीसीबी कायमचाच निघतो, असे सांगून मी गिझरची जोडणी बंद ठेवण्याचा आग्रह केला. काकूंनी गॅसवर पाणी तापवण्याचे लगेच मान्य केले आणि वाद तेथेच संपला.

आवाजाच्या बाजूने करायचे काम आता थोडे होते. अँप, लॅपटॉप आणि पेडलचे अडॅप्टर एकाच भिंतीच्या सॉकेटवरून, अर्थिंग असलेल्या चांगल्या एक्स्टेंशन बोर्डावर घेतले; ६ अँपिअरचे सॉकेट २३० व्होल्टला सुमारे १,३८० वॉटपर्यंत भार घेते आणि या सामग्रीची गरज त्याच्या एका लहान अंशाएवढी होती. रिटर्नच्या केबलमध्ये एक लहान ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घातला. यात संकेत चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो आणि आवरण जोडलेले राहत नाही. विजेच्या अर्थिंगला त्याचा स्पर्शही होत नाही.

गिटारमधून येणारा हम

रिटर्नचा हम गेल्यावर इतके दिवस त्याच्याखाली झाकलेला गिटारचा स्वतःचा हम उघडा पडला. वादक खुर्चीवरच हळूहळू वळत गेले, तेव्हा तो एका दिशेला वाढत होता आणि काटकोनात जवळजवळ शून्य होत होता. पिकअप निवडीच्या दुसऱ्या आणि चौथ्या स्थानावर, जेथे मधला उलट गुंडाळलेला पिकअप शेजारच्या पिकअपबरोबर वाजतो, तो नाहीसा होत होता. ही दोन लक्षणे एकत्र आली की उगम चुंबकीय क्षेत्रात आहे हे निश्चित मानावे. भिंतीपलीकडच्या जिन्याखाली इन्व्हर्टर ठेवलेला होता आणि त्याचा ट्रान्सफॉर्मर वादकांच्या खुर्चीपासून अर्ध्या मीटरवर होता. अशा ट्रान्सफॉर्मरचे क्षेत्र अंतराबरोबर फार वेगाने क्षीण होते. अंतर दुप्पट केले की ते साधारण आठव्या हिश्श्यावर येते. खुर्ची समोरच्या भिंतीकडे नेली आणि एवढ्याने काम झाले.

थोडी चरचर उरली, जी तारांना हात लावला की कमी होत होती. तारांचे अर्थ शाबूत असल्याचे ते चिन्ह होते. चरचर पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरची होती. महाराणी रोडच्या बाजारातून कपॅसिटरवर चालणारा स्टेप रेग्युलेटर आणून बसवला. गिटारच्या आतील पोकळीला तांब्याची पट्टी लावून ती अर्थला जोडली. पट्टीने विद्युत क्षेत्राची चरचर अडते, ५० हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र अडत नाही, हे वादकांना आधीच सांगितले होते, म्हणून अपेक्षाभंग झाला नाही.

परिणाम

नळ येण्याच्या पहाटे, मोटर चालू असताना, वादकांनी तानपुरा लावून भूप वाजवला. षड्जातली लहर गेली होती आणि आलापाखाली मध्यम उरला नव्हता. अँप उघडावा लागला नाही, कपॅसिटर आणि पिकअप दोन्ही मूळचेच राहिले. सर्वांत मोठा खर्च वायरिंगचा झाला आणि तो काकांनी स्वखुशीने केला. गिझरच्या बोर्डातला तुकडा पाहिल्यानंतर त्यांनी घरातील उरलेले सगळे बोर्डही उघडून घेतले.

वेगळे काय करता आले असते

हम कोणत्या वेळी वाढतो आणि त्या वेळी घरात काय चालू असते, हा प्रश्न अशा प्रत्येक प्रकरणात सर्वांत आधी, आणि वादकाबरोबर घरातील इतरांनाही विचारला जावा. काकूंच्या एका वाक्याने जे कळले, ते त्याआधीच्या कोणत्याही चाचणीने कळलेले नव्हते.

अर्थिंगची मोजणी भाराशिवाय पुरी मानू नये. न्यूट्रल आणि अर्थ यांतील अविचल शून्य हे संशयाचे कारण आहे. भार बदलताना तो आकडा हलतो की नाही, हे वायरमनकडून पाहून घ्यावे आणि शक्य असेल तेथे दोन बोर्डांच्या अर्थमधला फरकही मोजून घ्यावा.

फोनवर निदान देणाऱ्या दुकानाने ‘सगळ्या केबली काढून ऐका’ एवढे जरी सुचवले असते, तरी कपॅसिटरचा विषय त्याच दिवशी मिटला असता. खोली हलवल्यावर हम सुरू झाला, ही गोष्ट वादकांना ठाऊक होती, पण ती कोणालाच महत्त्वाची वाटली नाही. तळमजल्यावर शांत असलेली सामग्री वर नेल्यावर बिघडली असेल, तर उपकरणांआधी नवी जागा तपासणे अधिक सयुक्तिक ठरले असते. तसे झाले असते तर कन्व्हर्टर लावण्याची वेळच आली नसती.

व्हॉल्व्ह अँपचे फिल्टर कपॅसिटर आज ठीक असले तरी त्यांचे वय झाले आहे. पुढच्या देखभालीच्या वेळी ते तंत्रज्ञाकडून मोजून घ्यावेत असे वादकांना सुचवले असून, तुलनेसाठी सगळ्या केबली काढलेल्या अवस्थेतील अँपचा आवाज बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपवर त्यांनी ध्वनिमुद्रित करून ठेवला आहे.